सातारा गॅझेटिअरांतील स्थलवर्णनें : एक परीक्षण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्यावरील १९ वा खंड १८८५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील स्थलवर्णनें परिश्रमपूर्वक लिहिलेलीं आहेत, हें आम्ही आदरानें नमूद करितों. परंतु गांवें इंग्रजी वर्णानुक्रमानें लाविल्यामुळें कृष्णेच्या वरच्या अंगाची वाई खालच्या कऱ्हाडच्या मागें पडली, आणि शेजारचीं गांवें परस्परांस अनोळखी झालीं.

वस्तुतः ह्या गांवांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. १७०८ सालीं शाहूमहाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. त्यांचे पेशवे बाळाजी बाजीराव ह्यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्ते घराण्यांतल्या. आणि नाना फडणिसांचें दफ्तर वाईजवळील मेणवलीच्या वाड्यांत राहिलें. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें, तरी ह्या वाड्यांतील कागद बोलतच राहिले. म्हणून साताऱ्याच्या गादीची हकीकत वाईकडील रुमाल सोडल्यावांचून पुरी होणें नाहीं.

संग्राहकांस आमची एकच विनंती : कागद कोणत्या गांवचा, कोणत्या वाड्यांतला, हें रुमालावरच टिपून ठेवावें. ठिकाण हरवलेला कागद अर्धा मुका होतो.