चाचणीतील सूत्रे आणि त्यांची सुबोधता

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुराच्या घडणीचे चिन्हबद्ध सूत्र होय. स्टीफन क्लेनी ह्या गणितज्ञाने १९५१ सालच्या टिपणात आणि पुढे १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही कल्पना मांडली, ती मज्जातंतूंच्या जाळ्यांच्या गणिती विवेचनासाठी. १९६८ साली केन टॉम्प्सन ह्यांनी ती मजकुरातील शोधाला लावली. ह्या दोन्ही क्षेत्रांत संक्षेप हा गुणच ठरतो. शोधासाठी सूत्र लिहिणारा व वाचणारा बहुधा एकच असतो, आणि काम झाले की सूत्राचे आयुष्य संपते. चाचणी-आज्ञावलीत शिरलेले सूत्र मात्र वर्षानुवर्षे टिकते आणि ते परक्याने वाचावयाचे असते. तेव्हा तेथे त्याची परीक्षा निराळ्या निकषाने केली पाहिजे.

हा निकष केवळ सोयीचा नाही. मूळ आज्ञावलीतील सूत्र चुकले तर चाचणी ते पकडते. चाचणीतील सूत्र चुकले तर ते पकडणारी दुसरी चाचणी नसते. शिवाय ही चूक एकांगी असते. सूत्र गरजेपेक्षा आखूड झाले तर चाचणी अपयशी होते व चूक तत्काळ ध्यानात येते. ते गरजेपेक्षा सैल झाले तर चाचणी निमूटपणे यशस्वी होत राहते. अशा सैलपणावर वाचकाची नजर हाच काय तो पहारा असतो, आणि सूत्र दुर्बोध असेल तर तोही उठतो.

उदाहरणार्थ, पावती छापणाऱ्या आज्ञावलीने ‘पावती ४५१, रक्कम १०.५०’ अशी ओळ द्यावी अशी अपेक्षा आहे, आणि चाचणीत पुढील सूत्र आहे:

पावती [०-९]+, रक्कम [०-९]+.[०-९][०-९]

वरवर पाहता हे निर्दोष वाटते. परंतु सूत्रात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा असतो. त्यामुळे दशांशचिन्ह गळून ‘१०५०’ छापले गेले तरी ही चाचणी यशस्वी होईल. मधला शून्य टिंबाच्या जागी बसेल. रक्कम शंभरपट झाली तरी चाचणीचा आक्षेप नाही! तसेच सूत्राला आरंभ व शेवट बांधलेला नसल्याने ‘१०.५०७’ हेही चालेल. पायथनच्या युनिटटेस्ट व पायटेस्ट ह्या दोन्ही साधनांतील सूत्राधारित तपासण्या मजकुरात कोठेही जुळणी शोधतात. संपूर्ण मजकुराशी जुळणी हवी असल्यास ती वेगळी मागावी लागते. त्यासाठीची ‘फुलमॅच’ ही सोय पायथनच्या ३.४ ह्या आवृत्तीत, २०१४ साली, आली.

ह्यावर सुचविले जाणारे उपाय तीन. पहिला, विस्तृत लेखनाचा. १९९४ सालच्या पर्ल ५ मध्ये सूत्र अनेक ओळींत मांडून शेजारी टिपा लिहिण्याची सोय झाली; पायथन, जावा व रूबी ह्यांतही ती आहे. परंतु ह्या पद्धतीत सूत्रातील मोकळ्या जागा गाळल्या जातात. वरील सूत्र जसेच्या तसे त्या पद्धतीत नेले तर ते ‘पावती४५१’ अशी जोडून लिहिलेली अक्षरे मागू लागेल. ‘अमुक मजकूर आढळता कामा नये’ अशा नकारात्मक चाचणीत हा दोष पुन्हा झाकला जाईल.

दुसरा उपाय चिन्हांऐवजी शब्द वापरण्याचा. २०२२ सालच्या स्विफ्ट ५.७ मधील रचना ह्या प्रकारची आहे. नवख्याला तिचा उपयोग होतो हे मान्य. तथापि ‘एक किंवा अधिक अंक’ हे चिन्हाचे वाचन झाले. ते अंक कशाचे आहेत, हे त्यातून कळत नाही. निरुपयोगी टिपांनाही हाच आक्षेप लागू पडतो.

तिसरा उपाय भागांना हेतूवरून नावे देण्याचा, आणि तोच मला ग्राह्य वाटतो. ‘क्रमांक’, ‘रुपये’ व ‘पैसे’ असे तीन भाग आधी सांगावेत व मग पूर्ण ओळ त्यांतून जुळवावी. नाव दिले की प्रश्न आपोआप उभे राहतात: पैसे दोनच अंकी का? क्रमांकाच्या आरंभी शून्य चालते का? अंक कोणत्या लिपीचे? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही. ‘कोणताही अंक’ ह्या अर्थाचे आखूड चिन्ह पायथन ३ मध्ये मजकुरावर चालविताना देवनागरी अंकही स्वीकारते; जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह केवळ आंतरराष्ट्रीय अंक स्वीकारते. चिन्ह तेच, पण अर्थ दोन. हेतू लिहिलेला नसेल तर कोणता अभिप्रेत होता हे वाचकाने ठरवावे कसे?

नावांनीही काम पुरे होत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात सूत्राच्या व्याख्यानाची अंगे सांगताना उदाहरण व प्रत्युदाहरण ह्यांची गणना केली आहे. चाचणीतील सूत्रालाही ही दोन्ही अंगे हवीत. ‘१०.५०’ स्वीकारले जाते एवढे दाखवून भागत नाही. ‘१०५०’ व ‘१०.५०७’ नाकारले जातात हेही शेजारीच दाखविले पाहिजे. वर दाखविलेले दोन्ही दोष अशा एकेका प्रत्युदाहरणाने उघडे पडले असते.

ह्याने चाचणी लांबते असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की पुष्कळ ठिकाणी सूत्राची गरजच नसते. अपेक्षित मजकूर संपूर्ण ठाऊक असेल तेथे साधी समानता तपासावी. रक्कम बरोबर आहे की नाही हा प्रश्न असेल तेथे ती ओळीतून काढून संख्या म्हणून ताडून पाहावी. वेळ किंवा क्रमांक ह्यांसारखा भाग आधी सांगता येत नाही आणि केवळ घडणच तपासावयाची आहे, तेवढ्यापुरतेच सूत्र राखावे. अशी सूत्रे थोडी उरतील, आणि थोडक्यांना व्याख्यान जोडणे जड जाणार नाही.