स्थानिक म्हणजे नेमके किती?

राजस्थानातील डुंगरपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यात २०१७ साली सौर पॅनेलचा कारखाना निघाला. तंत्रज्ञान व प्रशिक्षण मुंबईच्या आय.आय.टी.चे, मालकी आणि श्रम स्थानिक आदिवासी महिलांचे. या प्रयोगाचे भरपूर कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. मात्र ‘पॅनेल गावातच बनते’ हे विधान विज्ञानशिक्षकाने जरा तपासून घ्यायला हवे.

पॅनेल हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा असतो. क्वार्ट्झपासून शुद्ध सिलिकॉन, त्याचा ठोकळा, ठोकळ्याच्या पातळ चकत्या, चकत्यांचे सौरघट आणि मग पॅनेल. डुंगरपूरला होतो तो एवढा शेवटचा टप्पा: तयार घट डाख देऊन जोडणे, काच व प्लॅस्टिकच्या थरांत उष्णतेने बंद करणे आणि तपासणे. आधीच्या टप्प्यांना अवाढव्य भांडवल लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार साखळीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त होता. म्हणजे पॅनेलच्या किमतीतला बराच पैसा गावात थांबतच नाही.

म्हणून हे काम क्षुल्लक ठरते का? नाही. एक घट सुमारे अर्धा व्होल्ट दाब देतो. १२ व्होल्टची बॅटरी भारित करणाऱ्या पॅनेलमध्ये सामान्यतः ३६ घट एकसरीने जोडतात. त्यातला एक सांधा निखळला, की सगळे मंडल खंडित होते. हे कौशल्य या महिलांनी मिळवले आहे.

अडचण आहे ती बाजारपेठेची. या महिलांची सुरुवात शाळकरी मुलांसाठीच्या अनुदानित सौरदिव्यांपासून झाली. पण घरात वीज आली की अशा दिव्यांची गरज ओसरते. आणि पॅनेलच्या भावात मोठ्या कारखान्यांशी टक्कर देणे छोट्या कारखान्याला जड जाते. ‘स्वावलंबन’ म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या, तर हा प्रश्न झाकला जातो आणि त्याची किंमत त्या महिलांनाच मोजावी लागते.

अशा प्रयोगाचे मोल रोज किती पॅनेल निघाली यावर ठरवू नये. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते; बॅटरी आणि जोडण्या त्याच्या कितीतरी आधी बिघडतात. तेव्हा दुरुस्ती जिल्ह्यातच होते का, आणि नफा कोणाच्या हाती राहतो, हे पाहावे.

वर्गात ही साखळी फळ्यावर काढा. प्रत्येक दुव्याशी मुलांना विचारा: इथे काम कोण करते, मालक कोण, पैसा कुठे जातो? विज्ञानाच्या तासाला अर्थशास्त्र आपोआप येईल.