पाठातील ऋतू आणि वरकसावरचे मूल : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

मराठी बालसाहित्याची समीक्षा बहुतांशी परीकथा, बालकविता आणि संस्कारकथा यांच्याभोवती फिरत आली आहे. पृथ्वी कशी फिरते, ऋतू कसे होतात, भात कसे पिकते हे मुलांना सांगणारे लेखन आपण 'माहितीपर' असा शिक्का मारून बाजूला ठेवतो आणि त्याची चिकित्सा शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवतो. परंतु ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक क्वचितच पोहोचते, तेथे मुलाच्या वाट्याला येणारे पहिले गद्य हेच असते. त्या गद्यात कोण दिसते, कोण दिसत नाही आणि कोणाच्या शब्दांत जग सांगितले जाते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. प्रस्तुत लेखात तो महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभा राहून विचारला आहे. उदाहरणे प्रामुख्याने बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांची व साने गुरुजींच्या लेखनाची घेतली आहेत.

या विचाराचे निमित्त लहानसे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर गेलो असता चौथीतल्या एका मुलीला मी सहज विचारले, "ऋतू किती?" तिने तीन ऋतूंची नावे घडाघडा सांगितली. मग विचारले, "तुमच्याकडे आता कोणता चालू आहे?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "सर, आता भाजावळ हाय." उत्तर चुकले असे वाटून लगेच तिने जीभ चावली. तिचे दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा अधिक अचूक होते, हे तिला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नव्हते.

ऋतूंच्या तीन मोजण्या

आपल्याकडे ऋतू मोजण्याच्या किमान तीन पद्धती एकाच वेळी नांदतात. संस्कृत काव्यपरंपरेचे सहा ऋतू, शाळेचे तीन ऋतू आणि शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रे. दुर्गा भागवतांनी 1956 साली 'ऋतुचक्र' लिहिताना सहा ऋतूंऐवजी मराठी महिन्यांची चौकट निवडली आणि डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवला. ते पुस्तक मुलांसाठी नसले तरी मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी त्यापासून ही एक गोष्ट घ्यायला हवी होती. घेतली गेली ती बहुधा फुलांची वर्णने.

नक्षत्रांची मोजणी मात्र बालवाचनात जवळजवळ नाहीच. रोहिणी साधारण 25 मेच्या सुमारास, मृग 7 किंवा 8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, त्यानंतर पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा असे तेरा-चौदा दिवसांचे टप्पे हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत जातात. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहनही छापलेले असते. बेडूक, म्हैस, मोर, गाढव, हत्ती. मुलांच्या पुस्तकासाठी याहून आयती चित्रमालिका कोठे मिळणार? आक्षेप असा येतो की ही अंधश्रद्धा आहे. वाहनावरून पावसाचे भाकीत करणे अंधश्रद्धा आहे हे खरेच. पण सूर्य एखाद्या नक्षत्रात असणे ही निखळ खगोलीय घटना आहे आणि ती मुलाला पृथ्वीच्या एका फार सुंदर गतीपाशी नेऊन सोडते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. म्हणजे वराहमिहिराच्या काळापासून आजवर मृग जवळपास तीन आठवडे सरकला आहे. 'आर्द्रा' या शब्दाचा अर्थच ओली. आजीच्या तोंडी असलेला शब्द आणि आकाशाचे गणित एकाच पानावर येऊ शकतात, आणि ते आले तर आजीचे काय चुकते व काय बरोबर, हे मूल स्वतःच पडताळू शकते.

शून्य सावली आणि जुलैचे ढग

बालभारतीच्या 2017 साली आलेल्या सातवीच्या भूगोलाचे येथे आदराने स्मरण केले पाहिजे. ऋतुनिर्मितीचा विषय त्यात दोन भागांत विभागला आहे, आणि मधल्या काळात मुलांनी सावलीचे निरीक्षण करावे अशी योजना आहे. व्याख्या पाठ करण्याऐवजी वाट पाहायला लावणारे पाठ्यपुस्तक दुर्मीळच म्हटले पाहिजे. तथापि हे निरीक्षण शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत करायचे आहे, आणि महाडच्या शाळेत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भिंतीवर सावली पडेल असे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात. योजनाकारांच्या डोळ्यांसमोर घाटावरचे आकाश होते की काय, अशी शंका येते.

ही तक्रार वरवरची वाटेल, पण तिच्या मुळाशी गंभीर अडचण आहे. ऋतूंचे जे स्पष्टीकरण जगभर मुलांना दिले जाते ते अक्षाच्या 23.5 अंशांच्या कलाचे आहे : सूर्य उंच तर उन्हाळा, सूर्य खाली तर हिवाळा. समशीतोष्ण प्रदेशातील मुलाचा अनुभव त्यात चपखल बसतो. महाड मात्र सुमारे 18 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. येथे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अगदी अखेरीस. पहिल्या वेळी अंगाची लाही होते, दुसऱ्या वेळी मूल इरल्याखाली किंवा प्लास्टिकच्या खोळीत कुडकुडत असते. सूर्य तेवढाच उंच असताना असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर केवळ कलामध्ये नाही. ते तापलेल्या जमिनीत, अरबी समुद्रात, नैर्ऋत्य वाऱ्यांत आणि त्यांना अडवणाऱ्या सह्याद्रीच्या भिंतीत आहे. हे सर्व पुस्तकात आहेच, पण 'मान्सून' या वेगळ्या मथळ्याखाली. ऋतूचा पाठ आणि पावसाचा पाठ यांची भेट होत नाही. परिणामी आमच्या पदवीच्या वर्गातसुद्धा सूर्य जवळ आला की उन्हाळा होतो असे मानणारे विद्यार्थी भेटतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते हे सांगितल्यावर ते अविश्वासाने पाहतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. त्यांनी पाहिलेल्या वर्षाला शाळेने कधी प्रश्न विचारू दिला नाही.

कोणाची शेती?

शेतीच्या चित्रणात तर हे अंतर अधिकच जाणवते. मराठी बालवाचनातील शेतकरी हा प्रायः देशावरचा शेतकरी आहे. त्याची काळी जमीन सपाट, विहिरीला मोट, ज्वारी कमरेइतकी आणि बैलांना पोळा. कोकणातले भात पुस्तकात येते ते 'प्रमुख पीक' म्हणून, एका ओळीत. तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हानिहाय पुस्तके काढून बालभारतीने या एकसाचीपणावर उपाय केला, आणि तो स्वागतार्हच होता. पण रायगड जिल्हा म्हणजे उरण-पनवेलचे नागरीकरण, अलिबागकडील खारभूमी आणि पोलादपूरचे कडे यांची बेरीज. जिल्हा ही महसुलाची सीमा आहे, शेतीची नाही.

वरकस जमिनीवरचा क्रम पाहावा. पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत यांचे थर रोपाच्या जागेवर अंथरून उन्हाळ्यात भाजायचे, म्हणजे राब. पाऊस लागला की तेथे पेरायचे. तीनेक आठवड्यांनी रोप उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे. चढावर नाचणी आणि वरी. भात कापले की उरलेल्या ओलीवर वाल. यातील प्रत्येक कृतीमागे कारण आहे. भाजल्याने तणाचे बी मरते व राखेतून रोपाला खाद्य मिळते. त्याचबरोबर झाडांची तोड होते व मातीतील जीव होरपळतात, हेही खरे. 'राब' या एका शब्दावर ठाणे-कुलाबा भागात इंग्रजांच्या वनखात्याचा आणि शेतकऱ्यांचा मोठा वाद झाला आणि 1880च्या दशकातील मुंबई फॉरेस्ट कमिशनला त्याची चौकशी करावी लागली. एवढा इतिहास, एवढे रसायनशास्त्र आणि पर्यावरणाचा एवढा अवघड प्रश्न ज्या शब्दात साठला आहे, तो शब्द पोलादपूरच्या मुलीला उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगा वाटत नाही. ती 'रोपवाटिका' लिहिते. माझ्या मते मराठी बालवाङ्मयाच्या भाषेविषयी याहून कठोर साक्ष देता येणार नाही.

साने गुरुजींकडे येथे वळावेसे वाटते, कारण महाडपासून फार दूर नसलेल्या दापोली तालुक्यातील पालगडचे ते. पुतणी सुधा हिला लिहिलेल्या 'सुंदर पत्रां'त निसर्ग, विज्ञान आणि माणसे एका दमात येतात. माहिती आणि माया यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये कोकणचे घर, गाय, पत्रावळी सारे आहे. पण श्यामचे घराणे खोतांचे. त्यामुळे भात आपल्याला दिसते ते बहुधा घरात आल्यानंतर. चिखलात वाकलेली पाठ दिसत नाही. कांडपीण मथुरी दिसते, तिच्याविषयीची करुणा अस्सल आहे, पण ती करुणा आहे. तिच्या घरी किती भात उरते हा प्रश्न श्यामच्या अंगणात उमटत नाही. गुरुजींवर हा दोषारोप नव्हे. पुढे त्यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी काय केले ते सर्वश्रुत आहे. सांगायचे इतकेच की खोतीविरुद्धचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडले, खोती रद्द करणारा कायदा 1949 साली झाला, आणि मुलांसाठीच्या शेतीच्या गोष्टीत जमीन कोणाची हा प्रश्न अजूनही आलेला नाही.

पाण्याचेही तेच. परिसर अभ्यासात पाणी कोठून येते हे मूल शिकते. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर काय घडले ते इतिहासात शिकते. महाडच्या मुलाला हे तळे रोजच्या रस्त्यावर आहे. त्याच्यासाठी तरी हे दोन धडे शेजारी छापायला काय हरकत होती? कातकरी वाड्यांवरील मुलांचा तर ऋतूच वेगळा : दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की त्यांचे पुस्तक मिटते, आणि हिवाळ्याचा पाठ त्यांच्याविना शिकवला जातो.

पावसाचे दुसरे पान

बालवाचनातील पाऊस हा नेहमी आनंदाचा असतो. छत्री, होडी, बेडूक, भिजणे. या आनंदाला माझा विरोध नाही. लावणीच्या दिवसांत शाळा बुडवून चिखलात उतरणारी मुले मी पाहिली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर तो खराच असतो. परंतु 2005च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खाली आले. 22 जुलै 2021 रोजी तळीये गाडले गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, आणि त्याच सुमारास महाड शहर पुराच्या पाण्यात होते. ज्या मुलांनी ते पाहिले ती आज दहावी-बारावीत आहेत. त्यांच्या लेखी पाऊस ही कविता नाही.

अशा घटना मुलांना सांगू नयेत, त्यांना भीती वाटेल, असे काही सहकारी म्हणतात. भीती तर आहेच. नाही ते कारण. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री थोड्याशा अंतरात प्रचंड उतार उतरून येते, खाली बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढते, आणि दोन्ही एकाच वेळी आले तर पाण्याला जायला वाट उरत नाही. 22 जुलै 2021 हा दिवस आषाढी पौर्णिमेच्या अगदी तोंडावरचा, उधाणाच्या भरतीचा होता. चंद्र, समुद्र, डोंगराचा उतार, मातीत मुरलेले पाणी, चढावरची तोडलेली झाडे आणि नदीतला गाळ यांचा एकत्र पाठ लिहायचा तर त्यासाठी महाडइतके योग्य ठिकाण कोठे सापडेल? खाडीकाठची म्हातारी माणसे आजही पुराच्या दिवशी आधी तिथी विचारतात आणि मग नदीकडे पाहायला जातात.