धास्तावलेला वाचक आणि चेहऱ्याची संहिता

भरताने ३३ व्यभिचारी भावांत शंकेची गणना केली, तिचे अनुभावही सांगितले; पण ते शंकित माणसाच्या स्वतःच्या मुद्रेवरचे. शंकित माणूस समोरची मुद्रा कशी वाचतो, हा प्रश्न तेथे गौण राहतो. प्रायोगिक मानसशास्त्राने तो लावून धरला. चिंताग्रस्त व्यक्ती संदिग्ध चेहऱ्याचा अर्थ पुष्कळदा धोक्याच्या बाजूने लावते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. या प्रवृत्तीला तेथे पूर्वग्रहाचे नाव मिळाले. म्हणजे तो वाचनातला दोष ठरला.

शहापूर-मुरबाडकडून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याच्या संदर्भात हे गृहीत डळमळू लागते. दिवाळीनंतर उचल घेऊन गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडाशी हिशेबाला बसते. वही शेठची, अक्षर शेठचे. ज्याला वही वाचता येत नाही त्याच्यापुढे वाचायला उरतो तो शेठचा चेहरा. त्या कोऱ्या चेहऱ्यात त्याला राग दिसला, तर तो केवळ भास म्हणता येईल काय? प्रयोगशाळेतले छायाचित्र कोणाची मजुरी कापत नाही.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या अंगाने पुन्हा वाचावयास हवे. त्याची भूमी जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडची, डहाणू-उंबरगावच्या वारल्यांची. परंतु ज्या किसान परिषदेतून त्या लढ्याला वाट मिळाली ती १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या शेजारीच भरली होती. निव्वळ चळवळीचा दस्तऐवज म्हणून हे पुस्तक वाचले की त्यातली एक गोष्ट निसटते. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडत गेली, तेव्हा जमीनदारांच्या मुद्रा काही सौम्य झाल्या नव्हत्या. वाचणारा एकटा राहिला नव्हता, म्हणून त्याच मुद्रेचा अर्थ पालटला.

अर्थात भय नेहमीच अचूक वाचते असे नव्हे. शेठपुढे उपयोगी पडलेली सावधगिरी दवाखान्यातल्या परिचारिकेच्या थकलेल्या चेहऱ्यातही तिरस्कार पाहते, आणि माणूस औषध न घेताच परततो. ही किंमत नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचे वाचनही तपासले पाहिजे. आदिवासी पात्राचा चेहरा ‘भोळा’ किंवा ‘निर्विकार’ म्हणून मोकळे होण्याची सवय पांढरपेशा कथनाला आहे. (समीक्षाही हे शब्द सहज उचलते.) हिशेबाच्या वेळी खाली घातलेली मान आणि मिटलेले ओठ हे निर्विकारपण नसते. आपलाही चेहरा वाचला जातो आहे, हे ओळखून तो मुद्दाम बंद केलेला असतो.