भूमी आणि भूदृश्य : मराठी कादंबरीतील निसर्गाचा प्रश्न

१ मे १९६० रोजी भाषेच्या सूत्राने महाराष्ट्र राज्य एकत्र आले. परंतु ३,०७,७१३ चौरस किलोमीटरांचा हा भूभाग निसर्गतः कधीच एकजिनसी नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माणदेशात तो पाचशेच्या आसपास येऊन थबकतो. पश्चिमेस लाल माती, भातखाचरे आणि खाड्या. मध्ये काळ्या पाषाणाचे पठार आणि त्याच पाषाणापासून झालेली कापसाची काळी जमीन. पूर्वेस, जेथे हा पाषाण संपतो तेथे, भंडारा-गोंदियाचे तलाव आणि गडचिरोलीचे अरण्य. या विविधतेचा गौरव करण्याची प्रथा मराठीत जुनी आहे. साहित्याने तिचे नेमके काय केले, हा प्रश्न मात्र फारशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

याचे एक कारण ‘प्रादेशिक कादंबरी’ या संज्ञेत दडलेले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात रूढ झालेल्या या संज्ञेने काही लेखकांना ओळख दिली, तशीच एक मर्यादाही घातली. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय जीवनावरील कादंबरी ही केवळ ‘कादंबरी’, आणि माणदेश किंवा वऱ्हाड यांवरील कादंबरी ही ‘प्रादेशिक’, अशी विभागणी त्यात गृहीत होती. जणू शहराला भूगोल नसतो! परिणामी समीक्षेचे लक्ष स्थानिक रंग, बोलीचा गोडवा आणि निसर्गवर्णनाचा टवटवीतपणा यांवर खिळले. भूदृश्य पाहिले गेले. भूमी मात्र नजरेआड राहिली.

या दोहोंतला भेद मूलभूत आहे. भूदृश्य हे बाहेरून पाहणाऱ्याला दिसते. भूमी ही तिच्यावर जगणाऱ्याला भोगावी लागते. एखाद्या कादंबरीतील निसर्ग दुसऱ्या प्रदेशात हलवूनही कथानक अबाधित राहत असेल, तर तो निसर्ग पार्श्वभूमीपुरताच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या कसोटीला पूर्णपणे उतरते. तीत निसर्गवर्णनाचा सोस नाही. माळ, मेंढरे, ऊन यांच्या मोजक्या नोंदी आहेत. एका तरुण शिक्षकाच्या प्रयत्नाने वाडीत तालीम उभी राहते, वाडीला आकार येऊ लागतो. आणि मग पाऊस पाठ फिरवतो. धनगर मेंढरांसह जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. येथे अवर्षण ही केवळ घटना नव्हे. माणसाने उभारलेल्या साऱ्या गोष्टींची मुदत ठरवणारी ती सत्ता आहे. भरपूर पावसाच्या प्रदेशात ही कादंबरी घडूच शकली नसती.

श्री. ना. पेंडसे यांचे कोकण याहून वेगळ्या रीतीने सिद्ध होते. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडी नदीच्या काठी चार पिढ्यांचा इतिहास उलगडतो. तेथील निसर्ग विपुल आहे, आणि म्हणूनच त्याच्या मालकीचा प्रश्न तीव्र आहे. माणदेशात माणूस भूमीच्या कृपणतेशी झगडतो, तर तुंबाडात तो भूमीवरील हक्काच्या मदाने आतून पोखरला जातो. खोती ही महसुलाची पद्धत होती. पेंडशांनी तिचा स्वभावधर्म झाल्याचे दाखवले. कोकणच्या रमणीयतेवर लुब्ध होणाऱ्या वाचकाला हे कठोर सूत्र अनेकदा निसटते.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) मात्र या विवेचनापुढे एक अडचण उभी करते. कौतिकच्या संसाराची ही कहाणी आहे. नवऱ्याला जडलेला महारोग, दारिद्र्य आणि तिची अभंग जिद्द यांत डोळ्यांत भरणारे भूदृश्य जवळजवळ नाहीच. तरीही ती वऱ्हाडाबाहेरची वाटत नाही, कारण येथे प्रदेश भाषेतून अवतरतो. कष्टकरी स्त्रीला क्षितिज न्याहाळण्याची उसंत नसते; तिच्या बोलीतच तिचा मुलूख असतो. तेव्हा निसर्गवर्णनाचा अभाव हा प्रदेशाचा अभाव नव्हे, हेही मान्य करावे लागते.

याच बिंदूवर पाहणारा कोण, हा प्रश्न अटळ होतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते. पानमळा, ओढा, नदीकाठ ही स्थळे ललित निबंधात सौंदर्याची असतात. टोपल्या विणणाऱ्याच्या लेखी तेथे फोक मिळतील की नाही, आणि तोडू देतील की नाही, एवढेच महत्त्वाचे. निसर्ग तोच आहे; परंतु ज्याला त्यावर कोणताही अधिकार नाही त्याला तो वेगळा दिसतो. ग्रामीण साहित्याच्या ऐन भराच्या काळातही ही दृष्टी मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित होती. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या लेखनाने मराठीतील निसर्गसौंदर्याच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला, हे त्या लेखनाच्या सामाजिक आशयाइतकेच महत्त्वाचे आहे.

पूर्व विदर्भाच्या अरण्याबाबत ही उणीव अधिक जाणवते. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून वेचलेल्या अनुभवातून मराठीला पक्षी, वृक्ष आणि वनचर यांची नवी शब्दसंपदा दिली; हे ऋण मोठे आहे. परंतु अरण्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या गोंड-माडियांची मातृभाषा मराठी नाही, आणि त्यांचा शब्द मराठीत अल्पांशानेच आला. भुजंग मेश्राम यांच्या कवितेने ही कोंडी काही प्रमाणात फोडली. एरवी मराठीतील अरण्य हे बव्हंशी आवडीने तेथे गेलेल्यांचे अरण्य राहिले आहे.

दरम्यान भूमीही बदलत गेली. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) ट्रॅक्टर येतो आणि नारबाचे जनावरांशी जुळलेले विश्व उद्ध्वस्त होते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) धरणग्रस्तांची परवड आहे, तर २०२३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभलेल्या कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मध्ये विस्थापित माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात सोडलेल्या रानात परततो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) कोरडवाहू शेती शिकलेल्या मुलालाही सुटका देत नाही. जी गावे पाण्याखाली गेली त्यांचे नकाशे दप्तरात असतील. तेथे कोणाचा बांध कोठे होता आणि त्यावरून कोण कोणाशी अबोला धरून होते, हे मात्र कादंबरीतच उरते.

म्हणून या लेखनाकडे महाराष्ट्राच्या निसर्गवैविध्याची चित्रमालिका म्हणून पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. माणूस आणि भूमी यांच्यातील सत्ता, हक्क व वंचना यांचे हे दस्तऐवज आहेत. अन्य भारतीय भाषांतील वाचकाला माणदेश किंवा जगबुडीचा काठ कदाचित कधी पाहावयास मिळणार नाही. परंतु पावसाची वाट पाहणे आणि जमिनीवरून बेदखल होणे त्याला परके नाही. मराठी कादंबरीचा प्रदेश भारतीय होतो तो याच अर्थाने.