घातांकांच्या क्रमिका : काय टिकते, काय गळते

प्रत्येक पूर्णांकाची मूळ अवयवांत मांडणी एकाच प्रकारे होते, या प्रमेयाच्या आधारावर अनेक क्रमिका रचल्या गेल्या आहेत. त्यांची रीत बहुधा एकच : मूळ संख्या बाजूस ठेवावयाच्या व केवळ घातांकांवरून नवी संख्या घडवावयाची. ३६० म्हणजे २ चा घन, ३ चा वर्ग आणि ५ यांचा गुणाकार. ३, २, १ या घातांकांची बेरीज ६ येते. प्रत्येकात १ मिळवून गुणाकार केला असता २४ ही विभाजकांची संख्या मिळते. अशा क्रमिका हव्या तितक्या निर्माण करता येतात. म्हणून त्यांच्या मूल्यमापनाची कसोटी ठरविणे अगत्याचे आहे.

५ च्या जागी ७ घेतल्यास ५०४ ही संख्या होते. घातांक तेच, विभाजकही २४ च. परंतु विभाजकांची बेरीज ३६० च्या बाबतीत ११७० तर ५०४ च्या बाबतीत १५६० भरते. तात्पर्य, घातांक ठेवून मूळ संख्या टाकली की संख्येचा आकार गळून पडतो. पुढील प्रश्नास तो आकार लागतो किंवा नाही, हाच विचार निर्णायक होय.

रामानुजन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रबंध या दृष्टीने आदर्श मानावा लागेल. आपल्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक अधिक, अशा संख्यांचा त्यांनी विचार केला. मोठा घातांक लहान मूळ संख्येस दिला तर विभाजक तितकेच राहतात, पण संख्या लहान होते. यावरून अशा संख्यांत मूळ संख्या वाढत जाताना घातांक वाढत नाहीत, हे सिद्ध होते. शिवाय ४ व ३६ वगळता शेवटचा घातांक १ च असतो, असे त्यांनी दाखविले. गळलेला आकार येथे सिद्धतेच्या मार्गाने परत आणला आहे.

याच्या उलट उदाहरण पोल्या यांच्या १९१९ मधील अटकळीचे. घातांकांची बेरीज सम की विषम, एवढेच येथे पाहावयाचे. २ पासून पुढे कोणत्याही मर्यादेपर्यंत विषम बेरजेच्या संख्या सम बेरजेच्या संख्यांहून कमी पडत नाहीत, अशी ती अटकळ होती. ती खरी ठरती तर रीमान यांचे गृहीतक तिच्यापासून निष्पन्न झाले असते. त्यामुळे प्रश्न मोलाचा होता, यात शंका नाही. तथापि १९५८ मध्ये हेसलग्रोव्ह यांनी ती असत्य ठरविली, आणि ९०,६१,५०,२५७ ही तिचा भंग करणारी सर्वांत लहान संख्या असल्याचे तानाका यांनी १९८० मध्ये दाखविले.

नव्वद कोटींपर्यंतच्या कोष्टकाने साक्ष दिली, तरीही निष्कर्ष चुकला असता. याचे कारण एकच. एका संख्येचे सम-विषमत्व घातांकांवरून कळते. पण ‘अमुक मर्यादेपर्यंत’ असे म्हणताच संख्यांचा क्रम, म्हणजे टाकून दिलेला आकारच, पुन्हा प्रवेश करतो. तो कोष्टकातील सम-विषमाच्या नोंदींत दिसत नाही.

दोष क्रमिकेचा नव्हे, कोष्टकालाच पुरावा मानण्याचा आहे. म्हणून नवी क्रमिका मांडणाऱ्या अभ्यासकाने प्रथम समान घातांकांच्या दोन भिन्न संख्या घ्याव्यात आणि आपले विधान दोहोंस सारखेच लागू पडते काय, हे तपासावे. पडत नसेल, तर कोष्टक वाढविण्यापूर्वी सिद्धतेची वाट शोधणे हेच उचित.