लिनक्सची मॅन-पृष्ठे : दोषकथनाचा प्रश्न

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची चर्चा बहुधा त्याच्या आज्ञावलीपुरतीच होते. त्या आज्ञावलीच्या सोबतीने वाढत आलेले गद्य समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. वस्तुतः लिनक्सची मॅन-पृष्ठे हा विलक्षण गद्यसंग्रह आहे. कर्नलचे सिस्टिम कॉल आणि सी भाषेच्या लायब्ररीतील फंक्शने कशी वागतात ह्याची नोंद त्यांत असते. जगभरचे प्रोग्रामर ती रोज उघडतात आणि त्यांतलेच काहीजण ती दुरुस्त करतात. ती उपयुक्त आहेत एवढ्यावरून मात्र ती टीकेपलीकडची ठरत नाहीत.

ह्या पृष्ठांचा साचा लिनक्सहून जुना आहे. केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या युनिक्सच्या हस्तपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ह्या दिनांकाची आहे. नाव, वापराचे रूप, वर्णन, संबंधित फाइली अशा ठराविक क्रमाने तीत प्रत्येक आज्ञेची हकीकत येते, आणि त्या क्रमातच ‘बग्ज’, म्हणजे दोष, हे शीर्षक येते. यंत्र विकणाऱ्याने यंत्राची वैगुण्ये यंत्राच्याच पुस्तिकेत छापावीत, असा हा प्रकार होय. ग्रंथाच्या अखेरीस शुद्धिपत्र जोडण्याची रीत आपल्याकडेही आहे. पण शुद्धिपत्र मुद्रकाच्या चुका सांगते, कर्त्याच्या नव्हे.

हे शीर्षक किती बोलके असते ते ‘मॅलॉक’च्या पृष्ठावरून दिसते. हे फंक्शन मागितलेली मेमरी मिळवून देते. परंतु लिनक्स मूलतः आशावादी धोरणाने चालतो : फंक्शनने होकार दिला तरी ती मेमरी खरोखर शिल्लक असेलच, अशी हमी नसते, पुढे टंचाई भासली की कर्नल एखादी चालू प्रक्रिया संपवून टाकतो. जुन्या पृष्ठात ही गोष्ट ‘बग्ज’खाली होती, आणि हा फार वाईट दोष आहे असा उघड अभिप्रायही तिच्यासोबत होता. नंतरच्या पृष्ठात तीच माहिती ‘टिपा’ ह्या शीर्षकाखाली गेली आणि अभिप्राय गळला. ह्या बदलाचे समर्थन करता येते. दोष फंक्शनचा नाही, धोरण कर्नलचे आहे, आणि ते बदलण्याची सोयही आहे. तरीही काहीतरी हरवले आहे. ‘दोष’ हा शब्द ज्याचा कार्यक्रम मध्येच मारला जातो त्या वापरणाऱ्याच्या बाजूने उच्चारलेला होता. ‘टीप’ हा शब्द व्यवस्थेच्या बाजूचा आहे. वस्तुस्थिती तीच राहिली, पण ती कोणाच्या दृष्टीने सांगावयाची हे बदलले.

दस्तऐवज लिहिणारा केवळ लेखनिक नसतो, हे ‘टायमर-एफडी’च्या प्रकरणात अधिक स्पष्ट होते. ही सोय २००७ साली कर्नलच्या २.६.२२ ह्या आवृत्तीत आली. मॅन-पृष्ठांचे तत्कालीन संपादक मायकल केरिस्क ह्यांनी तिच्या रचनेवर आक्षेप घेतले. पुढच्याच आवृत्तीत ती बंद ठेवण्यात आली आणि २.६.२५ मध्ये नव्या रूपात परत आली. ज्याचे वर्णन नीट करता येत नाही त्याच्या घडणीतच काही चुकलेले असण्याचा संभव असतो, हे येथे प्रत्ययास आले. सांगितलेले, सांगावयाचे राहिलेले आणि चुकीचे सांगितलेले ह्या तिन्हींचा विचार करणे हे वार्त्तिककाराचे काम, असे आपली व्याकरणपरंपरा मानते. केरिस्क ह्यांचे काम त्याच जातीचे म्हणावे लागेल. फरक इतकाच, की कात्यायनाला पाणिनीकडून सूत्र बदलून घेण्याची सोय नव्हती.

सूत्राची उपमा ह्या पृष्ठांच्या उणिवेलाही लागू पडते. ज्याला विषय ठाऊक आहे त्याला ती आठवण करून देतात; नवख्याला ती दाराशीच उभे करतात. कोणते फंक्शन केव्हा निवडावे हे त्यांतून क्वचितच कळते. केरिस्क ह्यांच्या काळात अनेक पृष्ठांना चालती उदाहरणे जोडली गेली, हा मोठाच लाभ. पण सलग विवेचनासाठी त्यांना स्वतःलाही २०१० साली दीड हजारांहून अधिक पृष्ठांचा स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. ग्नूच्या नित्योपयोगी आज्ञांची मॅन-पृष्ठे तर त्या आज्ञांच्याच मदत-मजकुरावरून यंत्राने तयार होतात. ती आज्ञेशी जुळती राहतात हे खरे. परंतु आज्ञा स्वतःविषयी जे सांगते त्यापलीकडे ती फारशी जात नाहीत, आणि आपला दोष सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही.

म्हणूनच माणसाने लिहिलेल्या पृष्ठांची काळजी कोण घेतो, हा प्रश्न गौण नाही. आंद्रीस ब्राउवर, २००४ पासून केरिस्क, आणि त्यांच्यानंतर आलेहान्द्रो कोलोमार अशा एकेका व्यक्तीच्या खांद्यावर हे काम चालत आले. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलोमार ह्यांनी आर्थिक आधाराच्या अभावी आपण थांबत असल्याचे जाहीर केले. पुढे काही कंपन्यांच्या साहाय्याने काम पुन्हा सुरू झाले. त्या दरम्यान कर्नलमध्ये नव्या गोष्टी येतच होत्या, आणि त्यांच्या दोषांसाठी राखलेली जागा कोरी होती.